जस्ताला रंग नको

आमच्या बोटीचं सुकाणू दुसऱ्यांदा तुटलं त्या हिवाळ्यात आमच्या घरात मासळी शिजत नव्हती. मासेमाराचं घर, अंगणात जाळ्यांचा ढीग, आणि ताटात वरण-भात. मला वरण आवडतं, त्यामुळे माझं दुःख जरा कमी होतं. पण आत्याचं तोंड बघवत नसे. ती वरणात बोट फिरवायची आणि म्हणायची, "ह्यात काटा कुठं हाय? काटा नसला तर जेवल्यासारखं वाटतं काय?"

आत्या म्हणजे बाबाची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती आमच्या घरची होऊन राहिली. बाबाने मासळी धरून आणायची आणि आई-आत्याने मुरुडच्या बाजारात बसून विकायची, असा आमचा संसार. बोट बंद पडली तशा दोघी बंदरावर उभ्या राहून दुसऱ्यांच्या बोटींतली मासळी घ्यायला लागल्या. घरची पाटी डोक्यावर घेणं आणि परक्याची घेणं यातला फरक गिऱ्हाइकाला कळत नाही. बाजारात बसणाऱ्या बाईला मात्र बरोबर कळतो. आई त्या दिवसांत हाळी देताना आवाज खाली ठेवायची.

आमच्याकडे बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतात. बाबा नाखवा होता. तो आता दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाळी ओढायला जाऊ लागला.

दोन्ही वेळा एकच झालं होतं. सुकाणू बोटीला ज्या लोखंडी बिजागऱ्यांवर लटकतं, त्या गंजून खलास. बोटाने दाबलं की खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटायचे. पहिल्यांदा किनारा जवळ होता म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा भर समुद्रात सुकाणू लोंबकळायला लागलं आणि शेजारच्या काकांनी आमची बोट दोर बांधून बंदरापर्यंत ओढत आणली. आता हे काका म्हणजे गावातले सगळ्यात आळशी नाखवा. मनाने फार चांगले. पण त्यांनी ओढून आणलं म्हणजे बाबाला बुडालो असतो तर बरं, असं वाटलं असणार. त्यात काकांनी धक्क्याला लागता लागता सगळ्यांसमोर विचारलं, "नाखवा, विकनार असशील तर पयला मला सांग हां."

बाबाने तिथेच उभ्या उभ्या शब्द दिला. "अजून एक हंगाम. तिसऱ्यांदा सुकानू गेलं तर बोट तुझी."

आई म्हणाली, "तोंड हाय का भोंगा!" पण शब्द गेला तो गेला. बंदरावर शंभर कान असतात.

इथे बाबाच्या रंगाविषयी सांगायलाच हवं.

बोट ही मुळात रंगवायची वस्तू आहे आणि तिच्यातून मासे धरता येतात हा वरचा फायदा, असं बाबाचं मत आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून पावसासाठी झापांनी शाकारतात, आणि बंदी संपत आली की घासकाम, रंगकाम सुरू. सगळेच रंगवतात. बाबा सजवतो. खाली लाल, मध्ये निळा, वर पिवळा पट्टा, आणि पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी एकेक पापलेट. त्या पापलेटांना हसू असतं. जाळ्यात सापडलेलं पापलेट कशाला हसेल, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाला, "आपल्या बोटीत आलं म्हून."

आणि त्याचा एक नियम होता. बोटीला कुठे उघडी जागा ठेवायची नाही. समुद्र उघडी जागा हुडकतो म्हणे. चिखलात उताणा पडून, जीभ दातांत धरून, तो पाण्याखालच्या भागाला, फळ्यांच्या सांध्यांना, बोल्टच्या डोक्यांना, सगळ्याला दोन-दोन हात मारायचा. झिंकलासुद्धा.

झिंक म्हणजे जस्त. साबणाच्या वडीएवढा जस्ताचा तुकडा सुकाणूला बोल्टने बसवतात. गंज लागू नये म्हणून असतो, एवढं बंदरावर सगळ्यांना ठाऊक. का, ते कुणी विचारत नाही. दाराला लिंबू-मिरची का लावतात हे तरी कोण विचारतं? आमची बोट दुसऱ्या बंदरातून जुनी घेतलेली. ती देणारा म्हणाला, झिंक लाव. बाबाने लावलं आणि वर रंग मारला. रंगाच्या बाबतीत त्याने आयुष्यात कुणाला काही विचारलेलं नाही.

काकांचं तसं नव्हतं. झिंकपर्यंत ब्रश न्यायचा तर चिखलात आडवं व्हावं लागतं. काका आडवे फक्त ओटीवर होत. त्यामुळे त्यांच्या बोटीचं झिंक दरवर्षी उघडंच पाण्यात जायचं आणि दरवर्षी अर्धं-पाऊण खाल्लेलं वर यायचं. मग दर जूनला दोघांची जुगलबंदी.

"बग, बग! माझं झिंक बग," बाबा आपल्या रंगाला नखाने टोकरून आतलं चकचकीत जस्त दाखवायचा. "काल दुकानातून आनल्यासारखं हाय. नी तुझं? चहात बुडवलेलं बिस्कीट!"

"माझं सुकानू मातर जाग्यावर हाय," काका म्हणायचे.

"नशीब तुझं."

"व्हय रे बाबा, नशीब."

सगळं उत्तर त्या चार वाक्यांत पडलेलं होतं, आणि ती आम्ही वर्षानुवर्षं हसत ऐकली.

त्या हिवाळ्यानंतरच्या पावसाळ्यात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेले. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी गेले, तेही सायन्सला. हे मी मान खाली घालून सांगणार नाही. अलिबागच्या कॉलेजात वसतिगृहावर राहायचं, शनिवारी एसटीने घरी यायचं. शाळा मराठी माध्यमाची, आणि अकरावीपासून एकदम सगळं इंग्रजीत. मी काय केलं, तर पाठ केलं. कोळंबी सोलताना पाठ केलं, भांडी घासताना पाठ केलं. आईला माझी अर्धी केमिस्ट्री नुसती ऐकून पाठ झाली होती. मी अडखळले की चुलीपाशी बसून पुढचा शब्द सांगायची.

वर्षाच्या सुरुवातीला आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आज अकरावीचंच विचारणार. इलेक्ट्रोपॉझिटिव्ह म्हणजे काय?"

माझा हात आधीच वर. उभी राहिले आणि व्याख्या अशी म्हटली की विनाथांबा एसटीच. मॅडम म्हणाल्या, "छान. आता हेच घरी बोलतेस तसं सांग."

गाडी थांबली.

"म्हणजे... ज्याला पॉझिटिव्ह मिळालंय."

"काय मिळालंय?"

"प्लस."

"आणि ते कुठून आलं?"

"बाहेरून?"

वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. त्यांनी फळ्यावर एक मोठा गोल काढला. अणूत जेवढे धन कण तेवढेच ऋण इलेक्ट्रॉन, हिशेब बरोबरीचा, अणू शांत. त्यातला एक इलेक्ट्रॉन बाहेर गेला. आलं काहीच नाही, उलट गेलंच. पण जो गेला तो ऋण होता, म्हणून मागे राहिलेल्या अणूवर धन प्रभार उरला. ज्या धातूला इलेक्ट्रॉन सोडायची जितकी घाई, तितका तो जास्त विद्युतधन. मग त्यांनी घाईच्या क्रमाने नावं लिहिली. सोडियम, मॅग्नेशियम, जस्त, लोखंड, तांबं. मी ती कितीदा पाठ केली होती! पण अधिकची खूण काहीतरी गेल्याने येते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वही बंद करून मी शेजारणीच्या पाठीत एक धपका घातला, इतका आनंद झाला.

"घरी जाऊन कुणाला तरी समजावून सांगा," मॅडम म्हणाल्या. "त्यांना कळलं तर तुम्हाला कळलं."

शनिवारी घरी आले. उघडीप होती. खलाशाच्या कमाईतून नव्या बिजागऱ्या घालून सुकाणू पुन्हा बसवलं होतं, आणि घराशेजारी ओढून ठेवलेल्या बोटीखाली बाबा उताणा पडून रंग मारत होता. बाहेर त्याचे फक्त पाय दिसत होते. आत्या उलट्या पाटीवर बसून सुकट निवडत होती.

"आत्ये, तुला एक समजवायचंय."

"लग्नाचं हाय काय?"

"केमिस्ट्रीचं."

"मंग बस. सुकट निवड नी सांग."

मी सांगितलं. धन, ऋण, बरोबरी, मग एक ऋण उठून गेला. आत्याने एक चिंगळी नखाने उडवली आणि म्हणाली, "म्हंजे माझी नणंद."

"आं?"

"ती राहायला यायची तवा. मिठाला नाव ठेव, मशेरीला नाव ठेव, बसल्या जागी कुरकुर. घरात सगळं असून उनं. नी ती यष्टीत बसली रे बसली, की घर कसं हालकं! तीच भांडी, तोच नवरा. मला मिळालं काय? काय बी न्हाय. ती गेली, म्हून."

"आत्ये!" मी ओरडलेच. "बरोब्बर! तेच! तू अकरावी पास!"

"आता? ह्या वयात?"

"सगळ्या घरांना असा पाव्हना घालवायची सारखी घाई नसते. सोडियम तर पाव्हना चप्पल काढायच्या आत त्याची पिशवी उचलून यष्टीत बसवतं."

"तो माझा मानूस. नी जस्त?"

"त्याला पन घाई. सोडियमइतकी न्हाय."

"लोखंड?"

"लोखंडाला कमी. तांब्याला तर त्याहून कमी, ते पाव्हन्याला धरूनच बसतं. आपल्या बोटीचा पंखा पितळेचा, नी पितळेत तांबं असतं ना? ते सोता काय सोडत न्हाय, शेजारच्या लोखंडाला पुढं करतं. समुद्राचं पानी नी हवा इलेक्ट्रॉन मागतच असतात. मंग लोखंड देतं नी गंजतं. पन लोखंडाला चिकटून जस्त असलं तर जास्त घाई जस्ताला, म्हून आधी जस्तच..."

माझं वाक्य तिथेच लटकलं. मी खाली वाकून बघितलं. बोटीखाली बाबाने जीभ दातांत धरली होती आणि झिंकला दुसरा हात मारत होता. सावकाश, कडा धरून, मायेने.

"बाबा, थांब!"

तो दचकून उठला आणि सुकाणूवर डोकं आपटलं. रंगाचा डबा कलंडला. "काय गो, साप हाय काय?"

"झिंकला रंग लावू नको!"

"का?"

"त्याला खाल्लं जायला पायजे!"

बाबा कपाळ चोळत बाहेर आला आणि आत्याकडे बघू लागला, ही पोर बरी आहे ना अशा नजरेने. मी एका दमात सगळं सांगितलं. पाणी मागतं, जस्त देतं, जस्त झिजतं, लोखंड वाचतं. रंग मारला की जस्ताला पाणी शिवत नाही, मग ते काही देत नाही, ते कोरं राहतं आणि बिजागरी झिजते. इथपर्यंत बाबा ऐकत होता. मग मी म्हणाले, "काकांचं झिंक बिस्कीट होतं ना, तेच बरोबर हाय."

हे नको होतं बोलायला.

"तो?" बाबा चिखलातच बसला. "तो बरोबर? त्यानं आळसापायी रंग मारला न्हाय!"

"व्हय. आळसापायीच."

"म्हंजे आळशी मानसाची बोट तरनार नी राबनाऱ्याची बसनार? ह्ये शिकवतात काय कालेजात? उद्या म्हनशील पापलेटाला डोळा काढू नको!"

"डोळा काढ, हसू काढ, मिशी काढ! फक्त झिंक सोड!"

आवाज वाढले तशी आई कालथा घेऊन बाहेर आली. तिने दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाली, "लोनच्याच्या तीन बरन्या रिकाम्या हायत. घालून बगा. उगा बोंबलू नका."

आमच्या घरातली पहिली प्रयोगशाळा अशी उघडली. आत्याने कळशीभर समुद्राचं पाणी आणलं. काकांच्या बोटीखाली पडलेलं जुनं खाल्लेलं झिंक मी मागून आणलं, बाबाने ते छिन्नीने तोडून कानशीने घासलं. पेटीतले तीन सारखे खिळे घेतले. पहिल्या बरणीत नुसता खिळा. दुसरीत उघड्या जस्ताला तारेने बांधलेला. तिसरीतलं जस्त बाबाने स्वतः रंगवलं. दोन हात, तिळभर जागा सुटणार नाही असं, आणि रात्रभर चुलीच्या उबेला सुकवलं. "आता बग," तो म्हणाला. "तिसऱ्याचा खिळा रुपयासारखा वाजंल."

रविवारी सकाळी तिन्ही बरण्या ओटीच्या खिडकीत लागल्या आणि दुपारपर्यंत आळी लोटली. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळावर नारळ आपटून फोडायच्या पैजा लागतात, तर तेच नारळ लोकांनी बरण्यांवर लावले. आत्या तिसरीच्या विरुद्ध. आई दुसरीच्या बाजूने, पण हळूच, बाबाला कळू नये म्हणून. काका आले, तिन्ही बरण्या डोळे बारीक करून बघितल्या आणि म्हणाले, "तिन्ही गंजनार. खाऱ्या पान्यात कोन वाचलाय?" आणि ओटीवर आडवे झाले.

संध्याकाळी पहिल्या बरणीचं पाणी जरा पिवळसर वाटलं. बाबा म्हणाला, उजेडाने तसं दिसतं.

सोमवारी पहाटेची एसटी पकडायला मी निघाले तेव्हा बाबा माझ्याकडे पाठ करून बरण्यांपुढे उभा होता. मी थांब्यावर येऊन उभी राहिले. गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले, आणि बघते तर रस्त्याने बाबा धावत येतोय, डोक्यावर आईची मासळीची पाटी, पाटीत तिन्ही बरण्या, पाणी हिंदकळून त्याच्या कानांवरून गळतंय. मागून आत्या पदर खोचून.

"गाडी थांबवा!"

कंडक्टरने बघितलं. "लोणचं हाय काय?"

"खिळ्याचं," बाबा म्हणाला.

त्याने एकेक बरणी खिडकीला लावली. पहिल्या खिळ्यावर तांबूस गंज चढला होता. तिसऱ्यावर तसाच. दुसरा खिळा स्वच्छ, आणि त्याच्या जस्तावर पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर.

"तिसरं मी रंगवलं होतं," बाबा म्हणाला. "कुठं चीरसुद्धा न्हाय बग."

"व्हय."

"नी खिळा लाल."

"व्हय, बाबा."

"म्हंजे दोन्ही सुकानू माझ्या रंगानं घालवली."

मी काही बोलणार तोच आत्या मध्ये घुसली. "तू घराला भायेरून कुलूप घालतोस. पाव्हना जानार कुठून?"

बाबाने तिच्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, आणि त्याला हसू फुटलं. असं फुटलं की बरणी खाली ठेवावी लागली. मग मी हसायला लागले, मग कंडक्टर, मग पुढच्या बाकावरची बाई, जिला कशाचाच पत्ता नव्हता. अलिबाग येईपर्यंत ती मधूनच वळून विचारत होती, "पण खिळ्याचं लोणचं करतात कसं?"

त्याच दिवशी बाबाने झिंक खरवडून लख्ख उघडं केलं. लोखंडाला नीट चिकटावं म्हणून त्याखालचा रंगही काढून पुन्हा बसवलं. पण उघडी जागा त्याच्याने बघवेना. म्हणून त्याने भोवती पिवळी महिरप काढली. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा झाली तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, "हळद-कुंकू चालंल काय त्याला?"

"चालंल. पान्यात धुऊन जाईल."

त्याने झिंकला हळद-कुंकू वाहिलं. काका लांबून म्हणाले, "नाखवा, रंग संपला काय? डबा देऊ?"

"सायन्स हाय," बाबा तोऱ्यात म्हणाला. "तुला न्हाय कळनार."

बोट पाण्यात गेली. हंगाम सुरू झाला, घरात पुन्हा काटा आला, आत्या जेवायला लागली. पण दिलेला शब्द तसाच होता, आणि मला ते विसरता येत नव्हतं. मी पुस्तकातलं सांगितलं होतं आणि त्यावर बाबाने बोट पणाला लावली होती.

थंडीत एकदा प्रॅक्टिकलला जाता जाता फोन वाजला. ओहोटीला बोट खाडीत कलली होती आणि बाबाला सुकाणू उघडं दिसलं होतं.

"गेलं तुझं झिंक!" तो ओरडत होता. "पांढरं पडलंय, भोकं पडलीत, अर्धं न्हाय उरलं!"

"छान!" मी ओरडले. "छान, छान!"

"छान काय गो? संपत आलं! मी ब्रश घेऊन हुबा हाय. एकच हात मारतो, पातळ."

"बाबा, हात लावू नको! लावलास तर मी घरी येनार न्हाय!"

कॉरिडॉर थबकला. मॅडम प्रयोगशाळेतून बाहेर आल्या. "कोण आहे?"

"बाबा आहेत, मॅडम. इलेक्ट्रोपॉझिटिव्ह."

मॅडमनी मान डोलावली, जणू आडनाव ऐकलं, आणि आत गेल्या. फोनमध्ये झटापट ऐकू आली, मग आत्याचा आवाज. "मी ब्रश घेतला. अंबाड्यात खोचलाय. आता घे म्हनावं."

"आत्ये, बिजागरी दाबून बग. पापुद्रा निघतो काय?"

चिखलात चपाक-चपाक पावलं वाजली. मग, "दगड हाय गो. दगड."

फोन ठेवला आणि मग मला भीती वाटली. निम्मा हंगाम बाकी होता आणि जस्त निम्म्याहून कमी. संपायला लागलं तर लगेच दुसरं बसव, असं मी बाबाला रात्री फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "न्हाय. ह्येच शेवटपर्यंत बगायचं. त्याचं वर्षभर पुरतं, माझं का न्हाय पुरनार?" रंग सुटला, पण काकांशी लागलेली ईर्ष्या काही सुटली नव्हती. पुढचे सगळे महिने मी परीक्षेचा अभ्यास केला आणि रोज एकच प्रश्न फोनवर विचारला. आई मला "हॅलो" न म्हणता सरळ "हाय जाग्यावर" म्हणायची.

जूनच्या आधी बोटी वर ओढल्या. आमची बोट ओढायला सगळी आळी दोराला लागली होती, काकासुद्धा, दोराच्या शेपटाला. बोट थांबली तसा बाबा हातोडी घेऊन खाली सरपटत गेला. पुन्हा फक्त पाय दिसत होते. आई पदराचं टोक चावत होती.

खालून आवाज आला. ठण्ण.

मग दुसऱ्या बिजागरीवर. ठण्ण.

बाबा चिखलाने माखून बाहेर आला. मुठीत झिंक. बोल्टभोवती पापडाएवढं पातळ उरलेलं, भोकाभोकांचं. तो माझ्याकडे आला नाही, आईकडे गेला नाही. तो थेट काकांकडे धावला आणि त्यांच्या बोटीचं आधीच काढून ठेवलेलं झिंक आपल्या झिंकशेजारी धरून नाचायला लागला.

"बग, बग! माझं तुझ्यापेक्षा जास्त खाल्लंय!"

"माझं कमी खाल्लंय," काका म्हणाले. "म्हंजे माझं चांगलं."

"छट्! तुला केमिस्ट्री कळत न्हाय!"

आत्या पाटीवर बसून डोळे पुसत होती, हसून हसून. आई म्हणाली, "आता तरी घरात या, मासे थंड होतायत."

सुकाणू दोन्ही बिजागऱ्यांवर शाबूत निघालं. बोट विकली नाही. ती आमचीच आहे आणि बाबा तिचा नाखवा आहे. त्या पावसाळ्यात माझा निकाल लागला. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर.